लेप्टो आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, आणि ईएसआर अजून ४८: आईच्या रक्ताच्या रिपोर्टाबद्दल

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. आई ५८ वर्षांच्या, राजापूर तालुक्यात गावी एकट्या राहतात. जुलैत लावणी चालू असतानाच थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की उभं राहवेना. चौथ्या दिवशी रुग्णालयात नेलं. तिथे तापावरच्या एका संशोधनात त्यांचं नाव घातलं आणि तीन ट्यूब रक्त घेतलं. पंधरा दिवसांनी बऱ्या झाल्यावर पुन्हा बोलावून आणखी तीन. पहिल्या रिपोर्टात सीआरपी ९६, ईएसआर ७० (दोन्ही शरीरात दाह आहे का ते सांगणारे आकडे), प्लेटलेट ८८ हजार, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाची, आयजीएम निगेटिव्ह. दुसऱ्यात आयजीएम पॉझिटिव्ह, सीआरपी ४, प्लेटलेट ठीक, पण ईएसआर ४८. ‘इंटरल्युकिन-६’ (पेशी एकमेकींना दाहाचा निरोप देतात ते प्रथिन) वगैरे तपासणार असं सांगितलं होतं, त्याचा कागद काही मिळाला नाही. शेजारीपाजारी म्हणतात रक्तात दोष राहिलाय. आणि तुम्ही मुंबईत कुठे तरी ‘इम्युनिटी प्रोफाइल’ची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या नावाखाली एकदम केलेल्या बऱ्याच तपासण्यांची, जाहिरात बघून विचारताय, ते करून घेऊ का?

मी पॅथॉलॉजिस्ट. सव्वीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात लॅब चालवते, आणि मधली काही वर्षं अशाच अभ्यासांसाठी नमुने गोळा करून पुढे पाठवायचं काम केलंय. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत आणखी तीन-चार आकडे आहेत, ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. त्यांच्यावर शेवटी येते.

आधी आयजीएम. इथे कोणाचीही चूक झालेली नाही. ही तपासणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. लेप्टोमध्ये पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतात, पण मोजता येण्याइतकी प्रतिपिंडं साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून दिसायला लागतात. चौथ्या दिवशीच्या निगेटिव्हचा अर्थ ‘लेप्टो नाही’ असा होत नाही, ‘अजून सांगता येत नाही’ एवढाच होतो. तेवढ्या लवकर पकडायचं तर रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर करावी लागते. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टाची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं, ते बरोबरच केलं. पावसाळा, चिखलात लावणी, टाचांच्या भेगा, पोटऱ्यांचं दुखणं आणि उतरलेल्या प्लेटलेट एवढं एकत्र दिसल्यावर आमच्याकडे कोणीही थांबत नाही.

मग बऱ्या झाल्यावर पुन्हा रक्त कशाला? संशोधनाच्या दृष्टीने दुसरं रक्त पहिल्यापेक्षा मोलाचं असतं. आयजीएम एकदा आली की कित्येकांत महिनोन्महिने रेंगाळते. दरवर्षी चिखलात उतरणाऱ्या बाईच्या रक्तात ती पॉझिटिव्ह निघाली, तर ती या तापाची की गेल्या पावसाळ्यात अंगावर काढलेल्या तापाची, हे एका नमुन्यावरून कोण सांगणार? म्हणून जोडीने नमुने घेतात. लेप्टोसाठी ‘मॅट’ नावाची जुनी, किचकट तपासणी आहे. रुग्णाचा सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारं पिवळं पाणी, टप्प्याटप्प्याने पातळ करत जायचा, प्रत्येक टप्प्यावर त्यात जिवंत लेप्टोस्पायरा घालायचे, आणि डार्क फील्ड मायक्रोस्कोपखाली बघायचं की त्यांचे गठ्ठे कुठपर्यंत होतात. पहिल्या रक्तात शंभरपट पातळ करेपर्यंत गठ्ठे होत होते आणि दुसऱ्यात चारशेपटीपर्यंत होतायत, म्हणजे चौपट वाढ झाली, तर मग ठामपणे म्हणता येतं: हाच ताप, हाच जंतू.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. नीट चालवलेल्या अभ्यासात पहिल्या दिवशीचा सीरम थोडा राखून उणे ८० अंशाला गोठवतात आणि दुसरा आल्यावर दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, शेजारशेजारच्या खळग्यांत लावतात. आज एका किटवर आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या किटवर तपासलं, तर दिसणारा फरक आईंच्या रक्तातला की किटमधला, हे कळायला मार्ग नाही.

कोकणात असे तापाचे अभ्यास का होतात, हेही सांगते. पावसाळ्यात इथे लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस सगळे एकदम येतात आणि पहिले तीन-चार दिवस एकमेकांसारखेच दिसतात. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासानूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला होता. त्यातही प्लेटलेट उतरतात. मग प्लेटलेट बघून काय ठरवणार? डेंग्यू आणि माकडतापात पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात, लेप्टोत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, सीआरपीही बहुधा बराच चढतो. पण हे सगळं ‘बहुधा’. हा ‘बहुधा’ किती पक्का, कोणते दोन-तीन आकडे एकत्र बघितले तर पहिल्याच दिवशी औषध ठरवता येईल, याचा शोध घ्यायला शेकडो तापकऱ्यांचं रक्त लागतं. आईंचं त्यातलं एक.

आता सीआरपी आणि ईएसआर. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात असं एक प्रथिन सापडलं, जे न्यूमोकॉकस जंतूतल्या ‘सी’ नावाच्या घटकाला चिकटून साका तयार करत होतं. त्यावरून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी. ते यकृतात बनतं, आणि ‘बनव’ हा निरोप मुख्यतः इंटरल्युकिन-६ देतं. निरोप आला की पाच-सहा तासांत सीआरपी चढायला लागतो, दोन दिवसांत शिखरावर जातो. निरोप थांबला की तितक्याच झपाट्याने उतरतो, कारण त्याचं अर्धं आयुष्य जेमतेम एकोणीस तासांचं असतं. हिशेब करून बघा: ९६ चा एकोणीस तासांनी ४८, मग २४, मग १२. तीन-चार दिवसांत निरोपच बंद झाला तर सीआरपी जागेवर. आईंचा ४ आलाय म्हणजे लेप्टोची आग विझली.

ईएसआरची चाल वेगळी. तो कुठलंच एक द्रव्य मोजत नाही. उभ्या नळीत रक्त ठेवून तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, एवढंच बघतो. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) आणि प्रतिपिंडं वाढली की पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या होतात आणि लवकर बसतात. फायब्रिनोजेन ओसरायला दिवस लागतात, प्रतिपिंडांना आठवडे. म्हणून आजार गेला तरी ईएसआर मागे रेंगाळतो, आणि लेप्टोतून बरं झालेल्या माणसाच्या रक्तात तर प्रतिपिंडं असणारच, त्यांच्यामुळेच तर आयजीएम पॉझिटिव्ह आली. शिवाय वय. बायकांसाठी एक ढोबळ हिशेब आम्ही वापरतो: वयात दहा मिळवा आणि निम्मे करा. आईंच्या बाबतीत ३४. म्हणजे त्यांचा ४८ हा २० पासून नाही, ३४ पासून मोजायचा. आणि रक्त कमी असलं की ईएसआर आणखी वाढतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘रक्तात दोष’ हा शब्द मला अजिबात आवडत नाही. वाढलेल्या ईएसआरवर त्या नावाखाली महिनोन्महिने ‘रक्तशुद्धी’ची बाटली पिणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

ईएसआर चुकवायला तर फार सोपा. लॅब नवीन होती तेव्हाची गोष्ट. सकाळचे ईएसआर सगळ्यांचेच चढे यायला लागले. दहावीतल्या मुलापासून आजोबांपर्यंत सगळे. आठवडाभर मी रक्त गोठू न देणारं सायट्रेट बदललं, रक्ताचे चार भाग आणि सायट्रेटचा एक हे माप पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी एका दुपारी ईएसआरच्या नळ्यांच्या स्टँडजवळ चहाचा पेला ठेवला आणि बघते तर चहावर बारीक लाटा. रक्त गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज त्याच लाकडी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चालू होतं! नळ्या थरथरत होत्या, पेशी भराभर बसत होत्या. स्टँड भिंतीतल्या कडाप्प्यावर हलवला आणि गावाचा आजार बरा झाला. नळी जराशी कलली तरी आकडा वाढतो, मे महिन्यातल्या दुपारच्या उकाड्यानेही वाढतो. यंत्र असो की नळी, आकडा ती देतेच. तो कशाचा, हे ती सांगत नाही.

फुरसं चावलेल्या माणसाची वीस मिनिटांची तपासणी कोकणातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात माहीत असते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची. रक्त वाहिलं तर विषाने गोठण्याची शक्ती संपवली आहे, सर्पविषरोधक लस द्यायची. मला विचाराल तर याहून स्वस्त आणि याहून कामाचा रक्तातला मार्कर मी पाहिलेला नाही. पण नळी प्लास्टिकची असली, किंवा काचेची असून साबणाने धुतलेली असली, तर धडधाकट माणसाचं रक्तही वीस मिनिटांत गोठेलच असं नाही. काचेचा पृष्ठभागच गोठण्याला चालना देतो आणि साबण ती घालवतो. म्हणजे सगळा निकाल आदल्या रात्री नळ्या कोणी आणि कशाने घासल्या यावर.

हे इतकं सांगायचं कारण तुमचा पुढचा प्रश्न: इंटरल्युकिन-६ चा रिपोर्ट का दिला नाही? त्यात लपवाछपवी नाही. सीआरपी दणकट आहे, एक दिवस फ्रीजमध्ये राहिला तरी फारसा बिघडत नाही. इंटरल्युकिन-६ तसं नाही. रक्त काढल्यावर ट्यूबमधल्या पेशी जिवंतच असतात, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळा करायला उशीर झाला तर त्या ट्यूबमध्येच आकडा बदलून ठेवतात. म्हणून अशा अभ्यासात प्रत्येक ट्यूबवर दोन वेळा लिहितात: किती वाजता काढलं, किती वाजता गोठवलं. मध्ये किती वेळ गेला यावर नमुना ठेवायचा की टाकायचा हे ठरतं.

एका पावसाळ्यात आमचे नमुने घेऊन निघालेली गाडी घाटात दरड कोसळल्यामुळे रात्रभर अडकली. थर्माकोलच्या पेटीत ड्राय आइस भरलेला होता. त्याचं पाणी होत नाही, तो सरळ हवेत उडून जातो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. पेटी उघडली तेव्हा आतल्या नळ्यांवर दव धरलं होतं. लेबलं जशीच्या तशी, सीरम पिवळाधमक, दिसायला सुरेख. यंत्रात घातला असता तर एकूण एक नळीचा आकडा आला असता, दोन दशांशांपर्यंत. सगळे नमुने टाकून दिले. त्यात एका आजींचा नमुना होता, त्या सड्यावरून पाच किलोमीटर चालत येऊन रक्त देऊन गेल्या होत्या. त्यांना फोन करून ‘पुन्हा याल का’ विचारायची हिंमत मला दोन दिवस झाली नाही.

तर आईंचा नमुना बहुधा आज कुठल्या तरी फ्रीझरमध्ये, नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाखाली पडून असेल. शे-दोनशे जमले की सगळे एकदम तपासतील. तेव्हा जो आकडा येईल त्याला ‘इथपर्यंत बरं, इथून पुढे वाईट’ अशी सर्वमान्य रेषा नाही. एका कंपनीच्या किटवरचा १२ दुसऱ्या कंपनीच्या किटवर २० येऊ शकतो. त्या आकड्यावर कोणताही डॉक्टर आईंचं औषध बदलणार नाही. गटाचा विचार करताना तो उपयोगी पडतो: ज्यांची किडनी पुढे बिघडली त्यांचे आकडे पहिल्या दिवशीच वर होते का, एवढं बघायला. आणि ते कळेपर्यंत आई पुढच्या वर्षीच्या लावणीला उभ्या असतील.

तरी त्यांना दिलेल्या माहितीपत्रकाची मराठी प्रत आणि संमतीपत्राची प्रत घरात शोधा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती सहभागी माणसाकडे असायला हवी. कोणते निकाल कळवणार, उरलेलं रक्त पुढच्या अभ्यासाला वापरणार का, आणि नीतिसमितीचा फोन नंबर, हे त्यात असतं. नसेल तर मागून घ्या. नाव काढून घ्यायचं असेल तर केव्हाही काढता येतं, त्याने उपचार अडत नाहीत.

असे आकडे शेवटी कामाला येतात का, असं तुम्ही जरा कुचकटपणे विचारलंय. येतात, पण बेताने. कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची मोठी चाचणी झाली. ऑक्सिजन उतरलेला आणि सीआरपी ७५ किंवा अधिक, अशा ४११६ रुग्णांत अर्ध्यांना टोसिलिझुमॅब दिलं. हे औषध इंटरल्युकिन-६ चा निरोप अडवतं. अठ्ठावीस दिवसांत मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले. इथे सीआरपीने औषध कोणाला द्यायचं ते ठरवलं, मार्करचं हे चोख काम. पण औषध दिल्यानंतर त्याच रुग्णाचा सीआरपी बघू नका. निरोपच अडवलाय म्हटल्यावर तो पडणारच, मग आत नवा जंतुसंसर्ग माजलेला का असेना. तेव्हा कित्येक नातेवाईक ‘सीआरपी नॉर्मल झाला’ म्हणून खूश होऊन फोन करायचे आणि त्यांना काय सांगावं ते सुचायचं नाही.

इम्युनिटी प्रोफाइल करू नका. ‘नॉर्मल’ची हद्द कशी आखतात? निरोगी माणसं घेतात, निदान १२० तरी, आणि मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे धरतात. म्हणजे शंभरातली पाच धडधाकट माणसं कायम हद्दीबाहेर. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचीही निदान एक तरी हद्दीबाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के. तो एक लाल आकडा घेऊन तुम्ही मग दारोदार हिंडणार.

आता ते न विचारलेले आकडे. हिमोग्लोबिन ९.८. एमसीव्ही ७२. फेरिटिन ४२, समोर छापलंय ‘नॉर्मल’. पहिल्या रिपोर्टात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १ टक्का, दुसऱ्यात ९.

फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. पण तेही सीआरपीसारखं आगीत चढतं. सीआरपी ९६ असताना घेतलेलं ४२ हे फुगलेलं ४२ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये यासाठी वेगळी रेषा दिली: एरवी मोठ्या माणसात १५ च्या खाली लोह कमी समजायचं, पण संसर्ग किंवा दाह चालू असेल तर ७० च्या खाली. त्या रेषेने आईंचं लोह कमी आहे, आणि ७२ चा एमसीव्ही, म्हणजे बारीक झालेल्या तांबड्या पेशी, तेच सांगतायत. तुमचा ४८ चा ईएसआर बराचसा इथून येतोय.

इओसिनोफिलचं बघा. जोरदार तापात ते रक्तातून जवळपास गायब होतात, ताप उतरला की परततात, त्यामुळे १ चे ९ होण्यात नवल नाही. पण एकूण पांढऱ्या पेशी ६८०० आहेत, त्याचे ९ टक्के म्हणजे ६१२. पाचशेच्या वर. किनारपट्टीवर थोडेफार वाढलेले इओसिनोफिल मी रोज बघते आणि दचकत नाही. पण कमी लोह आणि वाढलेले इओसिनोफिल एकाच बाईत, जी शेतात आणि काजूच्या बागेत अनवाणी फिरते, असं दिसलं की मला पहिल्यांदा अंकुशकृमी आठवतात. ओल्या मातीतून ते पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून थेंब थेंब रक्त पितात. वर्षानुवर्षं. बाईला वाटतं वयामुळे दम लागतो.

मात्र जंताची गोळी देऊन विषय मिटवू नका. पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी होतंय म्हणजे ते कुठून तरी बाहेर जातंय, आणि ती जागा पोटात असू शकते. फिजिशियनला दाखवा, शौचातून न दिसणारं रक्त जातंय का ते तपासा, आणि ते सांगतील तर दुर्बिणीची तपासणीही टाळू नका. फेरिटिन आता सीआरपी शांत असताना पुन्हा करा. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की चहा त्या वेळेपासून लांब ठेवायला सांगा, हे आईंना सगळ्यात जड जाईल. हिमोग्लोबिन वर आलं की ईएसआर पुन्हा बघू. तोपर्यंत त्याच्याकडे बघायचंच नाही.

गणपतीला तुम्ही गावी येणारच. शौचाचे नमुने तेव्हा तीन वेगवेगळ्या दिवशी द्या, सकाळचे ताजे, आणि डबीवर वेळ लिहा. डबी एसटीत कंडक्टरच्या हवाली करू नका, स्वतः घेऊन या. उकाड्यात दिवसभर राहिली तर अंकुशकृमीची अंडी वाटेतच फुटून अळ्या बाहेर येतात, आणि त्या दुसऱ्याच एका कृमीच्या अळ्यांसारख्या दिसतात. मग मला पुन्हा तुम्हाला फोन करावा लागेल.